कच्च्या वनौषधी पोटात गेल्यावर काय होतं?

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या जंगलांत कॅस्कारा सॅग्राडा नावाचं झाड वाढतं. त्याची साल पोट साफ करण्यासाठी फार जुन्या काळापासून वापरतात, पण झाडावरून सोलली आणि लगेच घेतली असं कुणी जाणता माणूस करत नाही. साल सोलायची, वाळवायची, किमान एक वर्ष ठेवून द्यायची आणि मगच औषधाला घ्यायची, असा तिचा नियम आहे. वर्षभर थांबायचं नसेल तर ती मुद्दाम तापवतात. ताज्या सालीत अँथ्रोन नावाची द्रव्यं मोकळी असतात आणि ती पोटात गेली की जोरदार ओकाऱ्या होतात, आतडं पिळवटून निघेल असा मुरडा येतो. साल पडून राहते तेव्हा हवेतल्या ऑक्सिजनमुळे ही द्रव्यं हळूहळू बदलतात आणि त्यांचा दंश कमी होतो.

त्या एका वर्षामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला. 'कच्चं', 'कोणतीही प्रक्रिया न केलेलं', 'निसर्गात जसं तसं' हे शब्द वनौषधींच्या पाकिटांवर कौतुकानं छापलेले असतात. वाचणाऱ्याची समजूत होते की प्रक्रिया म्हणजे काहीतरी मिसळणं किंवा चांगलं काढून घेणं, आणि कच्चं म्हणजे शुद्ध, सौम्य. पण वनस्पतींच्या औषधांत वाळवणं, मुरवणं, भाजणं, उकळणं, चीक निथळू देणं या पायऱ्या बऱ्याचदा पोट वाचवण्यासाठीच आलेल्या असतात. त्या गाळल्या की त्याचा पहिला फटका पचनसंस्थेला बसतो.

बचनागाचं उदाहरण तर टोकाचं आहे. त्याच्या मुळात अॅकोनिटीन नावाचं विष असतं. मूळ बराच वेळ उकळलं की हे विष तुटून त्याहून पुष्कळ कमी विषारी द्रव्यं तयार होतात. जुन्या वैद्यकांनी त्याच्या शोधनाची, म्हणजे विष कमी करण्याची, प्रक्रिया इतकी लांबलचक का सांगितली असेल, ते यावरून कळतं. कच्चं मूळ पोटात गेलं तर आधी जीभ आणि ओठ बधिर होतात, मग उलट्या सुरू होतात आणि नंतर हृदयाचे ठोके बिघडतात. ही वनस्पती कुणी सहज म्हणून घेत नाही हे खरं, पण 'जसं उगवलं तसं घेतलं' आणि 'नीट तयार करून घेतलं' यांत किती अंतर असू शकतं, हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरं कुणी दाखवत नाही.

कच्चं म्हणजे नेमकं काय

इथे कच्चं म्हणजे वाळवून दळलेलं पान, मूळ, साल किंवा बी. तीच पूड भरलेल्या कॅप्सूल. आणि ताज्या पानाचा किंवा फळाचा न उकळलेला रस. अर्काचं तसं नसतं. अर्कात वनस्पतीतली द्रव्यं पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये उतरवतात, चोथा गाळतात, उरलेलं आटवतात आणि चांगल्या उत्पादनात मुख्य द्रव्य किती आहे ते मोजतात. पाकिटावर '१०:१ अर्क' असं लिहिलेलं असेल, तर १० ग्रॅम वनस्पतीतून १ ग्रॅम अर्क काढला आहे, असा त्याचा अर्थ. एखाद्यानं पुडीचा चमचा मनात धरून अर्कही चमच्यानंच घेतला, तर तो दसपट मात्रा घेऊन बसतो. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

पुडीची अडचण वेगळी आहे. एकाच वनस्पतीची दोन पाकिटं घेतली तरी त्यांतलं औषधी द्रव्य सारखं असेलच असं नाही. पान कोवळं होतं की जून, कोणत्या हंगामात तोडलं, सावलीत वाळवलं की उन्हात, किती महिने पोत्यात होतं, या सगळ्यानं ते बदलतं. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात, चमच्यावर नसतात.

घशापासून सुरुवात

इसबगोल हे बहुतेकांना सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं आणि नीट घेतलं तर ते चांगलं औषध आहेच. पण एकदा हा प्रयोग करून बघा. काचेच्या पेल्याच्या तळाला चमचाभर इसबगोल घाला, त्यावर दोन-तीन चमचेच पाणी टाका आणि पाच मिनिटं थांबा. पेला उपडा केला तरी तो गोळा खाली पडत नाही. चमच्यानं खरवडावं लागतं, तरी त्याचा थर काचेला धरून राहतो. अन्ननलिकेत असा गोळा अडकला तर काय होईल, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच ते भरपूर पाण्यासोबत, किमान २४० मिलिलिटर म्हणजे पूर्ण पेलाभर पाण्यात ढवळून, फुगायच्या आत पिऊन टाकायचं असतं. झोपायला आडवं होण्याच्या आधी लगेच ते घेऊ नये, असंही सांगतात. ज्यांना गिळताना घास अडकल्यासारखा वाटतो किंवा ज्यांची अन्ननलिका अरुंद झाली आहे, त्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये.

या पुडीची धूळ श्वासात जाऊन काहींना दम्यासारखा त्रास होतो, अंगावर गांधीही उठतात. शिवाय हा चिकट गोळा सोबत घेतलेल्या गोळ्यांना स्वतःत लपेटून घेतो आणि त्या रक्तात नीट पोचत नाहीत. दुसरं औषध चालू असेल तर दोघांत दोन तासांचं अंतर ठेवलेलं बरं.

जठरात

रिकाम्या पोटी हिरव्या पानांची किंवा तुरट फळांची पूड घेतली की अर्ध्या तासात मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, हा अनुभव अनेकांना असतो. त्याला बहुतेक वेळा टॅनिन कारणीभूत असतात. हिरडा, डाळिंबाची साल, चहाची पानं यांत ती भरपूर असतात. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतात. तुरट चवीनं तोंड कोरडं पडतं तेही लाळेतली प्रथिनं अशी धरली गेल्यामुळेच. जठराच्या ओल्या अस्तरावरही तोच प्रकार घडतो. पोटात थोडं अन्न असेल तर टॅनिन त्या अन्नातली प्रथिनं धरून बसतात आणि अस्तर वाचतं. 'अनशापोटी घ्या' हा सल्ला सरसकट सगळ्या वनस्पतींना लावणं मला त्यामुळेच पटत नाही. मात्र टॅनिन अन्नातलं लोहही अडवतात. रक्त कमी असणाऱ्यांनी ही पूड लोहाच्या गोळीच्या आसपास घेऊ नये.

काही वनस्पतींत सॅपोनिन असतात. पाण्यात ढवळली की फेस येणारी द्रव्यं ती हीच. जास्त झाली की तीही अस्तराला टोचतात. पुदिन्याच्या तेलानं आतड्याचे पेटके कमी होतात, पण जठराच्या तोंडाशी असलेली झडपही त्यानं ढिली पडते आणि आम्ल वर चढून छातीत जळजळतं. म्हणून पुदिन्याच्या तेलाच्या चांगल्या कॅप्सूलवर जठरात न विरघळणारं आवरण असतं. ती कॅप्सूल चावून खाल्ली तर त्या आवरणाचा काही उपयोग उरत नाही.

मोठं आतडं आणि दुसरा चमचा

सोनामुखीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

सोनामुखीच्या पानात सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. त्यांना साखरेचे रेणू जोडलेले असल्यामुळे ती जठरातून आणि लहान आतड्यातून जशीच्या तशी पुढे जातात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू ती साखर तोडतात आणि मग खरं काम करणारं द्रव्य मोकळं होतं. त्यानं आतड्याच्या भिंतीची हालचाल वाढते आणि पाणी आत ओढलं जातं. या सगळ्या प्रवासाला ६ ते १२ तास लागतात. रात्री घ्यायचं आणि सकाळी परिणाम होतो, तो त्यामुळेच.

आता कुणी हे सकाळी घेतलं, दुपारपर्यंत वाट पाहिली, काहीच झालं नाही म्हणून आणखी एक चमचा घेतला. माझ्या मावशीनं नेमकं हेच केलं होतं. संध्याकाळी पहिल्या चमच्याचा परिणाम सुरू झाला आणि रात्री दुसऱ्याचा. पहाटे ती न्हाणीघरात भिंतीला टेकून बसलेली आढळली, ओठ कोरडे पडलेले, पायांत गोळे आलेले. औषध वाईट नव्हतं. त्याला पोचायला किती वेळ लागतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मात्रेचाही हिशोब करून बघू. युरोपातल्या औषध नियामक संस्थेच्या मार्गदर्शनानुसार यातलं मुख्य द्रव्य दिवसाला जास्तीत जास्त ३० मिलिग्रॅम आणि सलग एका आठवड्यापेक्षा जास्त नाही, असं घ्यायचं असतं. वाळलेल्या पानात ते साधारण २ ते ३ टक्के भरतं. चहाच्या एका चमच्यात २ ग्रॅम पूड बसते असं धरलं, तर त्यात ४० ते ६० मिलिग्रॅम द्रव्य आलं. म्हणजे 'एक चमचाच तर घेतला' म्हणणारा माणूस पहिल्याच चमच्याला मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो.

महिनोनमहिने अशी औषधं घेत राहिलं की मोठ्या आतड्याचं अस्तर आतून तपकिरी-काळपट दिसू लागतं. दुर्बिणीनं तपासताना डॉक्टरांना ते लगेच ओळखू येतं, आणि औषध बंद केल्यावर काही महिन्यांत ते निवळतं. जास्त काळजीची गोष्ट म्हणजे पोटॅशियम. सततच्या जुलाबांतून ते बाहेर जातं, आणि पोटॅशियम कमी झालं की आतड्याचे स्नायूच मंदावतात. मग पुन्हा बद्धकोष्ठ, पुन्हा पूड, पुन्हा जुलाब. या फेऱ्यात अडकलेल्या माणसाला वाटतं की आपलं आतडं मुळातच आळशी आहे.

पोट फुगून तडस लागते, त्याचं कारण मात्र वेगळं असतं. चिकोरी किंवा डँडेलियनच्या मुळांत इन्युलिन नावाचा तंतू असतो. तो आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून वायू होतो. ज्यांचं आतडं नाजूक आहे त्यांना याचा फार त्रास होतो. इतरांनी मात्रा अगदी थोडी ठेवून दोन-तीन आठवड्यांत वाढवली तर सहसा जमतं.

एकाच पानातलं दोन प्रकारचं औषध

कोरफडीचं जाड पान मुळाजवळ कापा आणि कापलेली बाजू खाली करून उभं धरा. आधी सालीलगतून पिवळसर, चिकट चीक ओघळतो. बोटाला लागला आणि चुकून जिभेला गेला तर कितीतरी वेळ कडू चव जात नाही. त्याच्या आतला गर मात्र काचेसारखा पारदर्शक आणि पाणचट असतो. हा चीक वाळवला की काळा बोळ होतो. त्यात अॅलोइन असतं आणि ते कॅस्कारा-सोनामुखीच्याच घराण्यातलं आहे. गरात ते जवळपास नसतं.

पान सालीसकट मिक्सरमधून काढून रस प्यायला की दोन्ही एकत्र पोटात जातात. पिणाऱ्याला वाटतं आपण थंडावा देणारा गर घेतोय, आणि मुरडा येतो तो चिकामुळे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २००२ साली विनाचिठ्ठीच्या रेचकांमधून कोरफडीचा चीक आणि कॅस्कारा दोन्ही काढायला लावले, कारण ते सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी पुढे आणला नव्हता. पुढे उंदरांच्या वर्गातल्या प्राण्यांवर दोन वर्षं चाललेल्या प्रयोगात अख्ख्या पानाच्या अर्कानं मोठ्या आतड्यात गाठी झाल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं अशा अर्काला 'माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेला' या गटात घातलं. हे अख्ख्या पानाच्या अर्काबद्दल आहे, धुतलेल्या गराबद्दल नाही. पान निदान अर्धा तास उभं ठेवून चीक निथळू देणं, हिरवी साल पूर्ण काढणं आणि गर दोन-तीन पाण्यांतून धुणं, एवढ्या साध्या कामानं केवढा फरक पडतो, ते यावरून दिसतं.

बियांच्या बाबतीत ही गल्लत जिवावर बेतू शकते. कडू जर्दाळूच्या बीच्या आतल्या गरात अमिग्डालिन असतं. बी चावली, कुटली की त्यातून सायनाइड सुटायला लागतं आणि पुढे आतड्यातले जिवाणूही ते सोडवतात. युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं की मोठ्या माणसानं एका वेळी अशा तीनपेक्षा जास्त लहान कच्च्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. भोपळ्याच्या कुळातल्या फळांचा कच्चा रस कडू लागला तर तो लगेच थुंकून टाकावा. ती कडू चव कुकरबिटासिनची असते आणि त्यानं तीव्र उलट्या, रक्ताचे जुलाब होऊ शकतात. कडू म्हणजे गुणकारी, ही समजूत इथे घात करते.

पुडीतले जिवाणू

झाड मातीत वाढतं, त्यावर पाखरं बसतात, खाली जनावरं फिरतात. पान तोडून वाळवलं की त्यावरचे जिवाणू मरतात असं वाटतं, पण वाळवल्यानं ते फक्त थांबतात. साल्मोनेला कोरड्या पुडीत कित्येक महिने तग धरून राहतो आणि ओलावा मिळाला की पुन्हा जागा होतो. २०१८ मध्ये अमेरिकेत क्रॅटम नावाच्या झाडाच्या पानांच्या पुडीमुळे ४१ राज्यांत १९९ लोकांना साल्मोनेलाची बाधा झाली. ते ती पूड कॅप्सूलमधून किंवा पेयात घालून घेत होते.

औषधांच्या दर्जाचे नियम सांगणाऱ्या युरोपीय औषधकोशातली एक बारीकशी तरतूद मला फार बोलकी वाटते. ज्या वनौषधीवर वापरण्याआधी उकळतं पाणी ओतायचं आहे, तिच्यात ग्रॅममागे १ कोटीपर्यंत सजीव जिवाणू चालतात. जी तशीच पोटात जायची आहे आणि जिच्यातले जिवाणू उत्पादनातच कमी करता येतात, तिला फक्त १० हजार चालतात. आता पहिल्या प्रकारची पूड आणली आणि थंड पाण्यात ढवळून प्यायली, तर त्या नियमानं गृहीत धरलेली पायरीच आपण गाळली. पाकिटावर 'काढा करून घ्यावा' असं लिहिलं असेल तर ते चवीसाठी लिहिलेलं नसतं.

उकळल्यावरही सगळं संपत नाही. काही जिवाणूंची बीजाणू उकळत्या पाण्यात टिकतात. काढा रात्रभर बाहेर राहिला तर ती रुजतात, वाढतात आणि काही प्रकार असं विष तयार करतात जे पुन्हा उकळूनही जात नाही. काढा ताजा करावा किंवा लगेच शीतकपाटात ठेवावा. पुडीत ओला चमचा घालू नये, आणि गुठळ्या झालेली, कुबट वासाची पूड कितीही महाग असली तरी फेकून द्यावी. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, जे कर्करोगाचे उपचार घेत आहेत, गरोदर आहेत किंवा फार म्हातारे आहेत, त्यांनी न उकळलेली पूड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाकिटात आहे तरी काय

दळलेलं पान ओळखता येत नाही. अख्खं असताना त्याच्या कडा, शिरा, वास यांवरून जाणकार सांगू शकतो; पूड झाल्यावर सगळं हिरवं किंवा तपकिरी.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करण्याच्या कॅप्सूल घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं एकामागून एक निकामी होऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं की त्यांत 'हान फांग ची' या चिनी वनस्पतीऐवजी 'ग्वांग फांग ची' आली होती. नावांत एवढासा फरक, पण दुसरी वनस्पती अॅरिस्टोलोकिया कुळातली होती. तिच्यातल्या आम्लानं मूत्रपिंडं तर गेलीच, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचे कर्करोगही झाले. शंभरहून अधिक जणी यात सापडल्या. १९९७ मध्ये अमेरिकेत प्लँटेन नावाच्या साध्या पानात हृदयावर काम करणाऱ्या डिजिटॅलिसची पानं मिसळलेली सापडली. गुळवेलीच्या बाबतीतही तिच्यासारखीच दिसणारी एक बहीण-वेल आहे, आणि वेलीचा वाळका तुकडा पाहून दोघींतला फरक करणं सोपं नाही.

धातूंचं दूषण हाही याच प्रश्नाचा भाग आहे आणि त्याचा पोटाशी थेट संबंध आहे. शिशाची बाधा झालेल्या माणसाला पोटात असह्य कळा येतात, शौचाला होत नाही, भूक मरते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पोट दुखतं म्हणून पूड घ्यायची आणि त्या पुडीतल्या शिशानंच पोट दुखायचं, असं खरोखर घडू शकतं. महिनोनमहिने पोटदुखीचं कारण सापडत नसेल आणि माणूस एखादी पूड नियमित घेत असेल, तर रक्तातलं शिसं तपासायला सांगावं.

यकृत, जे उशिरा बोलतं

आतड्यातून शोषलेलं सगळं आधी यकृतात जातं. जळजळ, मुरडा लगेच कळतो. यकृताचं नुकसान मात्र आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतं, आणि तोवर माणूस त्या पुडीशी त्याचा संबंध जोडत नाही. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या जाळ्यात वनौषधी आणि पूरक आहाराच्या उत्पादनांचा वाटा २००४ च्या सुमारास ७ टक्के होता, तो २०१३ पर्यंत २० टक्क्यांवर गेला. शरीर कमावण्याची उत्पादनंही त्यात धरलेली आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.

इथे माझ्या मुद्द्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. यकृताच्या बाबतीत कच्च्या पानापेक्षा अर्क जास्त घातक ठरल्याची उदाहरणं आहेत. कपभर हिरवा चहा बहुतेकांना काही करत नाही. त्याच चहाच्या घट्ट अर्कातून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त इजीसीजी (हिरव्या चहातलं एक मुख्य द्रव्य) घेतलं की रक्तातली यकृताची विकरं वाढल्याचं युरोपातल्या अन्न सुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये नोंदवलं. हळदीचंही तसंच. जेवणातली हळद आतड्यातून फारशी शोषली जात नाही, पण मिरीतलं पिपरिन मिसळलेल्या कॅप्सूलमधून ती कितीतरी पटींनी जास्त शोषली जाते, आणि अशा कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. पित्ताशयात खडे असतील तर हळदीच्या मोठ्या मात्रेनं पित्ताशय आकसून कळ येऊ शकते. कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीच्या बाबतीत मात्र मुळं-पानंच घातक आहेत. त्यातली द्रव्यं यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतात. म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत पोटात घ्यायची कॉम्फ्री बाजारातून काढून घ्यायला सांगण्यात आलं.

लघवी चहासारखी गडद, शौचाचा रंग फिकट, अंगाला विनाकारण खाज, डोळे पिवळे, खाण्याची इच्छाच नाही, उजव्या बरगडीखाली जडपणा: यांतलं काहीही दिसलं तर पूड त्याच दिवशी बंद करून रक्त तपासावं. बरं वाटल्यावर 'तीच होती का' हे बघायला ती पुन्हा घेऊ नये. दुसऱ्या वेळी यकृत जास्त लवकर आणि जास्त जोरात बिघडू शकतं.

'घाण बाहेर पडतेय'

या एका वाक्याचा मला मनापासून त्रास होतो. पूड सुरू केल्यावर तीन दिवस जुलाब झाले, डोकं दुखलं, पुरळ आलं, आणि सांगणारा म्हणतो, 'घाबरू नका, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चालू ठेवा.' जे लक्षण माणसाला थांब म्हणत होतं, तेच त्याला पुढे जाण्याची खूण म्हणून दाखवलं जातं. पातळ शौचातून बाहेर पडतं ते पाणी, सोडियम आणि पोटॅशियम. शरीरातला टाकाऊ भाग काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात. जुलाबांनी त्यांना मदत होत नाही, उलट पाणी कमी पडून मूत्रपिंडांवर ताण येतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं तर दोन दिवसांत गळून जातात.

एखादी वनौषधी सुरू केल्यावर दोन दिवस किंचित गॅस होणं वेगळं. पण रात्री झोपमोड करणारी पोटदुखी, दिवसात तीन-चारपेक्षा जास्त पातळ शौच, पाणीही न टिकणारी उलटी, काळं किंवा रक्ताचं शौच, गिळताना अडकणं, चक्कर, छातीत धडधड हे काहीही असेल तर ते साफ होणं नव्हे. थांबायचं आणि दाखवायला जायचं.

घ्यायचीच असेल तर

एका वेळी एकच नवी वनौषधी सुरू करावी. दहा-बारा मुळ्यांच्या मिश्रणानं त्रास झाला तर कुणामुळे झाला हे कुणालाच सांगता येत नाही. सांगितलेल्या मात्रेच्या पावभागानं सुरुवात करावी, पुडीचं वजन काट्यावर करावं, आणि चार-पाच दिवस काही झालं नाही तरच वाढवावं. काय घेतलं, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, त्यानंतर काय वाटलं, हे दिनदर्शिकेवर दोन शब्दांत लिहून ठेवावं. आठवणीवर विसंबून राहिलं तर आपण नेमकं नको तिथे चुकतो.

चालू औषधांची यादी आधी बघावी. ज्येष्ठमध पोटाच्या जळजळीवर घेतात, पण त्यातलं ग्लिसिरायझिन आठवड्यांनी पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब वाढवतं. रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी तो सवयीनं घेऊ नये. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात औषधं मोडणारी यंत्रणा इतकी वाढवते की संततिनियमनाच्या गोळ्या आणि प्रत्यारोपणानंतरची सायक्लोस्पोरीनसारखी औषधं निकामी होऊ शकतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी सगळ्या वनौषधी थांबवण्याचा सल्ला भूलतज्ज्ञ देतात. गरोदरपणात, अंगावर पाजताना आणि मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असताना स्वतःच्या मनानं काहीच सुरू करू नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर 'कोणती औषधं घेता?' असं विचारलं की बहुतेक जण वनौषधींचं नावच काढत नाहीत. ती औषधं वाटतच नाहीत, किंवा ओरडा बसेल अशी भीती असते. ते न लपवता सांगावं, आणि पाकीट सोबत न्यावं. पूड बरणीत ओतली की पाकीट कचऱ्यात जातं आणि त्यासोबत बॅच क्रमांक, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला ते, सगळंच जातं. पुढे कधी प्रयोगशाळेत तपासायची वेळ आली तर हीच माहिती लागते. बॅच क्रमांक बहुतेक वेळा वरच्या चिकटवलेल्या कडेवर छापलेला असतो आणि पाकीट उघडताना आधी तीच कड कापली जाते. कापलेली पट्टी बरणीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी.